औषध नाही हो, नुसती गुळवेल!

२०२१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचा दवाखाना संपत आला होता. बाहेर झड लागलेली. शेवटचे रुग्ण म्हणून आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी सुनेबरोबर आत आले. गेली वीस वर्षे मी त्यांना ओळखतो. मधुमेहाची गोळी वेळेवर, पहाटेचे फिरणे वेळेवर, जेवण वेळेवर. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. तेच गुरुजी खुर्चीवर बसताना टेबलाचा आधार घेत होते.

"डॉक्टर, पंधरा दिवस झाले, अन्नावरची वासनाच उडालीय. अंगाला खाज सुटते. लघवी गडद होते." मी दिव्याखाली त्यांच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. डोळ्याचा पांढरा भाग हळद लावल्यासारखा पिवळा होता.

कावीळ तर दिसतच होती. प्रश्न होता, ती कशामुळे? आम्ही डॉक्टर अशा वेळी ठरावीक प्रश्न विचारतो. बाहेरचे खाणे-पिणे? नाही. दारू? गुरुजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मीच खजील झालो. नवीन गोळी, इंजेक्शन, वेदनाशामक? नाही. रक्त जिल्ह्याच्या गावी पाठवले. बिलिरुबिन, जे साधारण १ च्या आसपास असावे, ते ८ निघाले. एस.जी.पी.टी. वीसपटीच्या घरात. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई यांपैकी एकही विषाणू सापडला नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा नाही, मार्गात अडथळा नाही.

अहवाल घेऊन ते पुन्हा आले तेव्हा मी परत विचारले, "गुरुजी, कोणतेच औषध घेत नाही, नक्की ना?" ते नाहीच म्हणाले. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "रोज सकाळी तांब्याभर काढा घेतात ना मामा. एप्रिलपासून. आणि लघवी पिवळी झाल्यापासून तर दोन वेळा."

गुरुजी हसले. "अगं, ते काय औषध आहे? औषध नाही हो डॉक्टर, नुसती गुळवेल!"

आजचा लेख या एका वाक्यासाठी लिहितो आहे. कारण हे वाक्य ऐकताच मला आठवले की कोरोनाच्या पहिल्या वर्षी रस्त्यात थांबून गुरुजींनी मला विचारले होते, "गुळवेलीचा काढा घेतला तर चालेल का?" आणि मी घाईत म्हणालो होतो, "घ्या की, चालेल." किती घ्या, किती दिवस घ्या, कोणती वेल घ्या, यातले एक अक्षरही मी बोललो नव्हतो. तेव्हा मी स्वतःही तिच्याकडे औषध म्हणून पाहत नव्हतो.

ओळख जुनीच, पण नीट करून घेऊ

गुळवेल आपल्याला परकी नाही. बांधावर, कुंपणावर, कडुलिंबावर, आंब्यावर चढलेली ही वेल खेड्यातल्या पोरालाही दाखवता येते. संस्कृतात हिला गुडूची म्हणतात, अमृता म्हणतात. वनस्पतिशास्त्रातले नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. यातल्या 'कॉर्डिफोलिया'चा अर्थ हृदयाच्या आकाराच्या पानांची.

आपल्या पूर्वजांनी तिला दिलेली आणखी दोन नावे मला फार आवडतात. एक 'छिन्नरुहा', म्हणजे तोडली तरी पुन्हा उगवणारी. कांडाचा तुकडा तोडून नुसता खुंटीला टांगून ठेवला, तरी तो बरेच दिवस जिवंत राहतो आणि त्याला कोंब फुटतात. दुसरे नाव 'चक्रलक्षणा'. कांड आडवे कापले की आत बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. नावातच ओळखीची खूण सांगून ठेवली आहे. ही खूण पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

चरकसंहितेत बुद्धीला हितकर अशा चार रसायनांत गुडूचीचा रस सांगितला आहे. ताप, त्वचारोग, वातरक्त, कावीळ अशा अनेक विकारांवर वैद्य ती शतकानुशतके वापरत आले. ही परंपरा मोठी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. वैद्य गुळवेल देत असे तो नाडी पाहून, रोग्याची प्रकृती पाहून, मात्रा ठरवून आणि किती दिवस ते सांगून. तांब्याभर उकळून वर्षभर प्या, असे कोणी सांगितले नव्हते.

काढ्यात उतरते तरी काय?

गुळवेलीचे कांड चावून पाहिले तर तोंड कडू होते. हा कडूपणा म्हणजेच तिच्यातली रसायने. शास्त्रज्ञांनी ती वेगवेगळी करून पाहिली आहेत. समजायला सोपे जावे म्हणून त्यांचे चार गट करू.

पहिला गट अल्कलॉइडांचा. यात बर्बेरिन, पामाटिन, मॅग्नोफ्लोरिन ही द्रव्ये येतात. यातले बर्बेरिन दारुहळदीतही असते आणि तिचा पिवळा रंग त्याचाच. रक्तातली साखर उतरवण्याच्या गुणाशी या गटाचा संबंध जोडला जातो.

दुसरा गट डायटर्पिन नावाच्या कडू द्रव्यांचा. टिनोस्पोराइड, कोलंबिन ही यातली नावे. जिभेला जाणवणारा कडूपणा बराचसा यांचा.

तिसरा गट ग्लायकोसाइडांचा, म्हणजे साखरेच्या रेणूला जोडलेल्या द्रव्यांचा. कॉर्डिफोलिओसाइड आणि सिरिंजिन ही यातली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या गटातली द्रव्ये शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला चालना देतात असे दिसले.

चौथा गट लांबलचक साखळीच्या शर्करांचा, म्हणजे पॉलिसॅकराइडांचा. यातल्या एका शर्करेवर, अरॅबिनोगॅलॅक्टनवर, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी काम केले. १९९९ मध्ये त्यांनी ती वेगळी करून तिचा प्रतिकारपेशींवरचा परिणाम दाखवून दिला.

या चारही गटांचे प्रमाण प्रत्येक वेलीत सारखे नसते. गुळवेलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. शिवाय वेलीचे वय, ऋतू, जमीन यांप्रमाणे आतले प्रमाण बदलते. म्हणून शेजाऱ्याच्या काढ्याचा एक पेला आणि तुमच्या काढ्याचा एक पेला दिसायला सारखे असले तरी औषध म्हणून सारखे असतीलच असे नाही. कारखान्यातून आलेल्या गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात. तांब्यावर काही छापलेले नसते.

मुंबईतले पहिले पान

आता गुळवेलीच्या बाजूचा पुरावा पाहू. तो आपल्याच मुंबईतला आहे आणि अभिमान वाटावा असा आहे.

परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातल्या वनस्पतींची आधुनिक कसोट्यांवर तपासणी सुरू केली. औषधशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डहाणूकरबाईंना मराठी वाचक लेखिका म्हणूनही ओळखतात. त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न होता. पित्ताच्या नळीत अडथळा येऊन झालेल्या काविळीत शस्त्रक्रिया नीट पार पडली तरी पुष्कळ रोगी जंतुसंसर्गाने दगावत. कारण अशा काविळीत शरीरातल्या भक्षकपेशी, म्हणजे जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी, मंदावलेल्या असतात.

आधी हे उंदरांवर तपासले. पित्तनळी बांधलेल्या उंदरांना गुळवेल दिली असता त्यांच्या भक्षकपेशी पुन्हा कामाला लागल्या. हे काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मग १९९३ मध्ये रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अडथळ्याच्या काविळीचे ३० रोगी घेतले. सर्वांना नेहमीचे उपचार होतेच. त्यांपैकी एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी, साचलेले पित्त बाहेर काढण्याच्या काळात, गुळवेलीचे औषध जोडीला दिले. प्रमाण होते वजनाच्या दर किलोला रोज १६ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला जेमतेम एक ग्रॅम.

पित्त काढल्यानंतर नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रोग्यांच्या रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली. गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले शेकडा ४० वाचले, दुसऱ्यातले शेकडा ९२ हून अधिक.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. रोगी ३० च होते, हे मात्र विसरू नये. तरीही गुळवेल ही नुसती श्रद्धेची गोष्ट नाही, तिच्यात खरोखर काम करणारे औषध आहे, याचा हा भक्कम इशारा होता. पुढे २००५ मध्ये ॲलर्जीच्या सर्दीच्या ७५ रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवडे गुळवेल घेतलेल्यांपैकी शेकडा ८३ जणांच्या शिंका पूर्ण थांबल्याचे नोंदले गेले.

मुंबईतलेच दुसरे पान

२०२० साल उजाडले आणि कोरोना आला. 'इम्युनिटी' हा शब्द घरोघरी पोहोचला. ज्या वेलीकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, तिची कांडे आठवडी बाजारात जुड्या बांधून विकायला आली. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये जो उपचार-आराखडा जाहीर केला, त्यात गुळवेलीच्या घनवटीचा समावेश होता. प्रतिबंधासाठी ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना. मुदत त्यात स्पष्ट होती. लोकांनी गुळवेल तेवढी लक्षात ठेवली, मुदत विसरली.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रोगी असे आले की त्यांच्या यकृताला सूज होती, नेहमीची कारणे सापडत नव्हती आणि सहाही जण गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये हा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अनेकांच्या तपासणीत यकृताच्या सुजेचे स्वरूप स्वयंप्रतिकार आजारासारखे होते, म्हणजे शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच यकृतावर चालून गेलेली.

यावर जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रोग्यांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची तपासणी झालेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल असू शकते, ती यकृताला अपायकारक आहे, तेव्हा गुळवेलीला दोष देणे दिशाभूल करणारे आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले.

ओळखीबाबतचा आक्षेप रास्त होता. मग देशातल्या १३ केंद्रांमधल्या यकृततज्ज्ञांनी एकत्र येऊन अशा ४३ रोग्यांची माहिती गोळा केली आणि मिळतील त्या वनस्पतींच्या नमुन्यांची तपासणीही केली. २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक रुग्ण स्त्रिया होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा काळ मध्यमानाने ४६ दिवसांचा होता. कारण ठरवण्याच्या रूढ निकषांनुसार शेकडा ६७ जणांत गुळवेल हे 'संभाव्य' कारण ठरले. बऱ्याच जणांना आधीपासून यकृताचा जुना आजार होता, पण त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मग खरे कोण?

वाचकहो, इथे आपली दोन टोळ्यांत विभागणी होते. एक म्हणते, "हे ॲलोपॅथीवाल्यांचे कारस्थान." दुसरी म्हणते, "हे काढे म्हणजे सगळा भंपकपणा." माझ्या मते दोन्ही पाने खरी आहेत आणि ती एकाच पुस्तकातली आहेत.

के.ई.एम.मधली गुळवेल भक्षकपेशींना जागे करत होती. जागे करण्याची ही ताकद खरी असेल, तर ज्याच्या शरीरात प्रतिकारयंत्रणा आधीच घरच्यांवर गुरगुरते आहे, त्याला तीच ताकद बाधणार. राखणीचा कुत्रा सुस्तावला असेल तर त्याला उठवणे शहाणपणाचे. पण जो आधीच घरातल्या पोरांच्या अंगावर जातो, त्याला डिवचणे धोक्याचे. कुत्रा तोच, वेलही तीच. घर वेगळे.

दुसरा मुद्दा रसायनांचा. गुळवेलीतल्या कडू डायटर्पिनांच्या रेणूत 'फ्युरान' नावाची एक कडी असते. याच प्रकारची कडी असलेली द्रव्ये जर्मँडर नावाच्या युरोपीय वनस्पतीत आहेत. फ्रान्समध्ये ती वजन घटवण्यासाठी घेतली जाई. तिच्यामुळे यकृताची सूज आल्याच्या घटना पुढे आल्या आणि १९९२ मध्ये तिच्यावर बंदी आली. यावरून गुळवेल विषारी ठरत नाही. पण 'वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी' हे सूत्र किती कच्चे आहे ते कळते.

आतड्यातून शोषलेली वस्तू सर्वांत आधी यकृतात जाते. तुमच्या दृष्टीने ते औषध असो, अन्न असो की आजीबाईचा बटवा असो, यकृताच्या दृष्टीने ते एक रसायनच असते आणि त्याला त्याचा निकाल लावावा लागतो.

आता गुरुजींची सर्वांत मोठी चूक सांगतो. लघवी पिवळी होताच त्यांनी काढा दुप्पट केला. का? तर गुळवेल काविळीवर चांगली, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. के.ई.एम.चा अभ्यास अडथळ्याच्या काविळीचा होता, रुग्णालयातला होता, शस्त्रक्रियेच्या जोडीला होता, मोजून दिलेल्या औषधाचा होता. कावीळ हा एक रोग नाही, ते अनेक रोगांचे एक लक्षण आहे. एका काविळीत जे तारते ते दुसरीत बुडवू शकते.

वेल ओळखा

खरी गुळवेल आणि तिची फसवी बहीण यांतला फरक आयुष मंत्रालयाने दिला आहे, तो असा. खऱ्या गुळवेलीचे कांड हिरवट असते, तिच्या बहिणीचे करडे. खऱ्या गुळवेलीच्या कांडावर गाठीसारखे बारीक उंचवटे नसतात, दुसरीच्या कांडावर ते असतात. खरीतून दुधासारखा चीक येत नाही, दुसरीतून येतो. खरीच्या फुलाला सहा पाकळ्या, दुसरीच्या तीन. खरीचे फळ गोल आणि लाल, दुसरीचे लांबट आणि नारिंगी.

आपल्या डोळ्यांपुढे पानाफुलांसह वेल उभी असेल तेव्हा ही ओळख सोपी. बाजारातल्या जुडीला ना पान असते ना फूल. कांड कापून चाक दिसले म्हणजे काम भागले असेही नाही, कारण या कुळातल्या इतर वेलींतही आऱ्या दिसतात. भुकटीच्या पाकिटात तर ओळखायला काहीच उरत नाही. गुरुजींची अंगणातली वेल संपल्यावर त्यांनी बाजारातून जुड्या आणल्या होत्या. ती गुळवेल होती की तिची बहीण, हे आता कधीच कळणार नाही.

कोणी दूर राहावे, कोणी विचारून घ्यावी

ज्यांना यकृताचा कोणताही आजार आहे किंवा पूर्वी अकारण कावीळ होऊन गेली आहे, त्यांनी गुळवेल घेऊ नये. आमवात, ल्युपस, सोरायसिस, स्वयंप्रतिकारामुळे झालेला थायरॉइडचा विकार असे आजार असलेल्यांनी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. मूत्रपिंड किंवा अन्य अवयव बसवलेल्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिलेली असतात. त्यांनी ती चाळवणारी वेल घेणे म्हणजे एका हाताने दार लावून दुसऱ्या हाताने उघडण्यासारखे आहे.

मधुमेहींनी लक्षात ठेवावे की गुळवेल साखर उतरवते. गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना तिची भर पडली तर साखर फार खाली जाऊन घाम सुटणे, हात थरथरणे, भोवळ येणे असे होऊ शकते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. लहान मुलांना 'ताकद येईल' म्हणून चमचा-चमचा पाजणे बंद करावे.

बाकीच्यांनी घ्यायची तर जाणत्या वैद्याकडून, ठरावीक मात्रेत, ठरावीक मुदतीपुरती घ्यावी. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात भुकटीची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम अशी दिली आहे. गुरुजी मूठभर कांडे टाकत. मूठ कोणाची आणि किती घट्ट, याला माप नाही.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

'कडुलिंबावर चढलेलीच गुळवेल चांगली ना?' कडुलिंबावरची गुळवेल श्रेष्ठ, अशी परंपरा आहे. पण गुळवेल ही बांडगुळासारखी परपोषी नाही. तिची मुळे जमिनीत असतात आणि झाड तिला केवळ आधार देते. कडुलिंबावरची असली तरी वर सांगितलेली सगळी पथ्ये तिला लागू आहेतच.

'काढ्याऐवजी सत्त्व चालेल का?' गुळवेल सत्त्व करताना कांडे कुटून पाण्यात भिजवतात, चोळून गाळतात, पांढरा साका खाली बसू देतात आणि वरचे कडू पाणी ओतून टाकतात. तो साका मुख्यत्वे पिष्टमय असतो. म्हणजे काढा, सत्त्व आणि घनवटी या तीन वेगळ्या वस्तू आहेत. एकीबद्दल ऐकलेले दुसरीला लावू नका.

'तुम्ही डॉक्टर लोकांच्या गोळ्यांनी यकृत बिघडत नाही का?' बिघडते. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर घेतले तर यकृत निकामी होते, क्षयाच्या औषधांनीही कावीळ होऊ शकते. म्हणूनच क्षयाचे औषध देताना आम्ही यकृतावर नजर ठेवतो. माझे मागणे एवढेच आहे की तीच नजर काढ्यावरही ठेवा.

'त्रास सुरू झालाय हे कसे ओळखावे?' भूक मरणे, मळमळ, कमालीचा थकवा, अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे होणे, उजव्या बरगडीखाली दुखणे. यातले काहीही दिसले तर काढा त्याच दिवशी थांबवा आणि रक्त तपासून घ्या. झोप उलटीपालटी होऊ लागली, बोलण्यात गोंधळ दिसला, पोटात पाणी झाले किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर एक तासही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्या.

शेवटी गुरुजी

काढा त्याच दिवशी बंद झाला. जिल्ह्याच्या गावच्या तज्ज्ञांना दाखवले. त्यांनी फारशी औषधे दिली नाहीत. दर आठवड्याला रक्त पाहिले आणि वाट पाहिली. डोळ्यांचा पिवळेपणा जायला दीड महिना लागला, एस.जी.पी.टी. पूर्ण उतरायला तीन महिने. नशीब बलवत्तर म्हणायचे. त्यांचे यकृत आधी धडधाकट होते. ज्यांचे नसते, त्यांची गोष्ट अशी संपत नाही.

बरे झाल्यावर ते दवाखान्यात आले तेव्हा मी त्यांची क्षमा मागितली. म्हटले, "गुरुजी, रस्त्यात उभ्या-उभ्या 'चालेल' म्हणालो, ते माझे चुकले." ते म्हणाले, "अहो, पोराने 'चालेल' म्हटले तर मास्तराने 'किती?' म्हणून विचारायला नको? आयुष्यभर गणित शिकवले आणि स्वतःच्या पोटात जाणाऱ्या वस्तूचे माप घेतले नाही."

गुळवेल मी अजूनही अंगणातून उपटलेली नाही. कडुलिंबावर ती छान वाढली आहे आणि आमचे वैद्यमित्र लागेल तेव्हा तिची कांडे मोजून नेतात. बदल मी माझ्या दवाखान्यात केला. आता रुग्णाला 'औषध कोणते घेता?' एवढेच विचारून मी थांबत नाही. 'घरचे काय-काय घेता?' असेही विचारतो. काढा, चूर्ण, आसव, कुणी शहरातून पाठवलेली भुकटी, टीव्हीवर पाहून मागवलेली बाटली, सगळे.

तुम्हालाही एवढेच सांगणे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जाल तेव्हा एका पिशवीत तोंडावाटे पोटात जाणारी प्रत्येक वस्तू घालून न्या आणि ती टेबलावर ओता. त्यात गुळवेलीचे कांड असेल तर तेही ठेवा. 'हे काय औषध आहे?' असे मनात आले तरी ठेवा. ज्या वेलीला पूर्वजांनी अमृता म्हटले, तिला 'नुसती' म्हणू नये.